गोवंडीतला गोवर, २०२२: साथ कुठे अडते आणि कुठे निसटते

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडीच्या रफीनगरमध्ये, दोनेक दिवसांच्या आत तीन लहान मुलं दगावली. संशय गोवराचा होता. घरोघर पाहणी सुरू झाली तशी आजूबाजूच्या वस्त्यांतूनही ताप आणि पुरळ असलेली मुलं सापडू लागली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचं पथक मुंबईत आलं, पुढे राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं, आणि त्याच महिन्यात भिवंडी, मालेगावातूनही रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. नोव्हेंबर संपेपर्यंत मुंबईतल्या मृत्यूंचा आकडा, संशयित धरून, दहाच्या पुढे गेला होता.

गोवरावर लस आहे, ती सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि गेली कित्येक दशकं दिली जाते. तरीही ही मुलं गेली. म्हणून या प्रकरणात लस किती चांगली हा प्रश्न नाहीच. ती कोणाला मिळाली नव्हती, ती मुलं यादीत का नव्हती आणि साथ सुरू झाल्यावर त्यांच्यापर्यंत कोणत्या क्रमाने पोचायचं, हे इथे पाहायचं आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: गोवराची साथ आवरताना सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांची खरी, दारोदार जाऊन केलेली यादी. बाकी सगळं तिच्यानंतर येतं.

चार वर्षांत साठलेली मुलं

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक जादा डोस द्यायचा होता. शाळा, अंगणवाड्या, वस्त्या असा मोठा पसारा होता. त्या मोहिमेत ज्यांना लस मिळाली ती मुलं ऑक्टोबर २०२२ मध्ये साडेचार वर्षांच्या पुढे गेली होती. त्यांच्यापेक्षा लहान असलेल्या मुलांचा सगळा भरवसा नेहमीच्या लसीकरणावर होता: पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत.

आणि नेमक्या याच मुलांच्या डोसांच्या तारखा करोनाकाळात आल्या. २०२० च्या टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं बंद पडली किंवा अर्धवट झाली, आरोग्यसेविका करोनाच्या कामाला लागल्या, बरीच कुटुंबं उत्तर प्रदेश-बिहारमधल्या गावी गेली आणि काही महिन्यांनी परतली. कार्ड गावी राहिलं, नाव इथल्या रजिस्टरातून गळालं. हे एकट्या मुंबईचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरातल्या सुमारे ४ कोटी मुलांचा गोवर लसीचा एक तरी डोस चुकला. पण जिथे एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहतात, कुपोषण आधीपासूनच आहे आणि आरोग्य केंद्रावर लोकसंख्येचा भार फार आहे, तिथे चुकलेले डोस विखुरलेले राहत नाहीत, एकाच ठिकाणी साठतात. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या वस्त्यांत हेच झालं होतं.

नव्वद टक्के म्हणजे किती मुलं उघडी

गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, साधारण १२ ते १८ जणांना आजार देतो. यावरून हिशेब निघतो की साथ पसरू नये असं वाटत असेल, तर ९२ ते ९४ टक्के लोक खरोखर सुरक्षित हवेत. म्हणून उद्दिष्ट ९५ टक्क्यांचं, तेही दोन्ही डोसांचं.

आता समजा, एका वस्तीत नऊ महिने ते पाच वर्षं वयाची १,००० मुलं आहेत आणि कागदावर पहिल्या डोसाचं प्रमाण ९० टक्के आहे. ऐकायला बरं वाटतं. पण नवव्या महिन्यात दिलेला डोस सुमारे ८५ टक्के मुलांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) काही बाळांच्या अंगात अजून शिल्लक असतात आणि ती लसीला निकामी करतात. ९०० पैकी ७६५ मुलं सुरक्षित झाली. राहिली २३५. दुसरा डोस याचसाठी असतो: पहिला ज्यांना लागला नाही, त्यांना पकडण्यासाठी. दोन्ही डोस झालेल्यांत संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. दुसरा डोस राहिला की वरचा खड्डा तसाच राहतो.

नऊ महिन्यांखालची बाळं तर या हिशेबात धरलेलीच नाहीत. पूर्वी बहुतेक आयांना लहानपणी गोवर येऊन गेलेला असे आणि त्यांच्या बाळांना बरेच महिने आयतं संरक्षण मिळे. लस घेऊन मोठ्या झालेल्या आईकडून बाळाला कमी प्रतिपिंडं मिळतात आणि ती लवकर ओसरतात. त्यामुळे सहा-सात महिन्यांचं बाळ आज पूर्वीपेक्षा जास्त उघडं असतं.

आणखी एक गोष्ट प्रत्येक वॉर्डच्या बैठकीत सांगायला हवी. ‘विभागात ९० टक्के’ याचा अर्थ काही गल्ल्यांत ९८ आणि काहींत ६० असाही होतो. गोवर सरासरीत शिरत नाही, तो साठ टक्क्यांच्या गल्लीत शिरतो.

रुग्ण वेगळा ठेवल्याने काय होतं, काय होत नाही

विषाणू शिरल्यापासून साधारण दहाव्या दिवशी ताप येतो. सोबत नाक वाहणं, खोकला, लाल डोळे. आणखी तीन-चार दिवसांनी कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ सुरू होतं आणि अंगभर उतरतं. मूल संसर्ग देतं ते पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुढच्या चार दिवसांपर्यंत. म्हणजे पहिले चार दिवस ते सर्दी-तापाचं साधं मूल दिसतं, मांडीवर बसतं, बालवाडीत जातं, दवाखान्याच्या बाकावर इतर मुलांशेजारी असतं. शिवाय ते मूल खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू त्या बंद हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो.

त्यामुळे पुरळ दिसल्यावर मुलाला घरात ठेवणं गरजेचंच आहे. सूचना किमान सात दिवसांची दिली जाते. पण दहा बाय दहाच्या खोलीत भावंडांपासून ‘वेगळं’ ठेवा म्हणणं हे कागदावरचं बोलणं आहे. विलगीकरणाने शाळा, बालवाडी, शिकवणी आणि दवाखान्याची गर्दी वाचते. घर वाचत नाही.

इथेच लसीचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. संसर्ग झाल्यापासून ७२ तासांत लस मिळाली, तर ती आजार रोखू शकते किंवा सौम्य करू शकते. पण पुरळ दिसतं त्या दिवशी घरातली भावंडं आधीच चार दिवस संसर्गात असतात. त्यांच्यासाठी ७२ तास उलटून गेलेले असतात. त्यांना लस द्यायचीच, कारण त्यातलं एखादं मूल अजून सुटलेलं असू शकतं आणि लस देऊन नुकसान काही होत नाही. मात्र साथ रोखण्याची आशा त्या घरातून ठेवायची नाही. आशा असते पुढच्या दोन-चार गल्ल्यांत, जिथे विषाणू अजून पोचलेला नाही. लसीने संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि गोवराच्या रुग्णांच्या एका पिढीतून दुसरी (म्हणजे त्यांच्याकडून लागण झालेले रुग्ण) उभी राहायलाही तितकेच दिवस. पथक रुग्णाच्या मागे धावत राहिलं की प्रत्येक वेळी एक पिढी उशिरा पोचतं. अशा साथींत वेळ वाया जातो तो याच ठिकाणी: रुग्ण सापडला की सगळी ताकद त्याच्या घराभोवती लागते आणि शेजारची न पाहिलेली वस्ती तशीच राहते.

यादी

आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात जी मुलं आहेत ती बहुतेक लसीला येणारीच असतात. गळालेली मुलं शोधायची तर रजिस्टर बाजूला ठेवून दारापासून सुरुवात करावी लागते.

नकाशा आधी. गल्ल्या, सार्वजनिक शौचालयं, मशिदी, मदरसे, बालवाड्या, जरीचे आणि शिलाईचे कारखाने, भंगाराची गोदामं, आणि रजिस्टरात नसलेली नवी झोपडी-रांग, हे सगळं हाताने काढलेल्या कागदावर यायला हवं. पल्स पोलिओच्या फेऱ्यांचे नकाशे हाताशी असतात, ते उत्तम पाया आहेत. फक्त ते जुने असतात. दोन पथकांच्या हद्दीवरची गल्ली कोणाची, हे त्याच दिवशी ठरवून दोघींच्या कागदावर लिहायचं. सुटलेली मुलं सगळ्यात जास्त याच हद्दीवर सापडतात.

मग दार. ‘मुलांना लस दिली का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला उत्तर ‘हो’ येतं, कारण आईला पोलिओचे थेंब आठवत असतात. गोवंडीच्या एका घरात हा संवाद साधारण असा चालतो:

‘आपा, घर में पाँच साल से छोटे कितने?’

‘दो.’

‘ऊपर कौन रहता है?’

‘देवर का परिवार.’

‘उनके?’

‘एक. और एक छोटा, अभी चालीस दिन का.’

एका दारामागे दोनाची चार मुलं झाली. म्हणून दर दारी चुली किती हे विचारायचं, पोटमाळ्यावर कोण राहतं हे विचारायचं, आणि पाहुणे म्हणून आलेली मुलंही लिहायची. झोपलेलं, आजारी, नानीकडे गेलेलं मूल हमखास राहून जातं. त्याचं नाव वेगळं विचारावं लागतं. तीन रकाने पुरेत: जन्मतारीख किंवा महिना, पहिल्या डोसाचा पुरावा, दुसऱ्याचा पुरावा. पुरावा म्हणजे कार्ड. कार्ड नसेल तर ‘नाही’ लिहायचं. जादा डोसाने मुलाला इजा होत नाही, चुकलेल्या डोसाने होते.

त्याच फेरीत आजारी मुलांचा शोध. गोवर झाला का, असं विचारायचं नाही. गेल्या महिन्याभरात घरात कोणाला ताप आणि अंगावर लाल पुरळ आलं होतं का, एवढंच विचारायचं. पुरळाची तारीख, आधी घेतलेली लस आणि तिची तारीख, हे तिथेच लिहून घ्यायचं.

यादी झाली की पर्यवेक्षकाने दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत कुठलीही वीस घरं निवडून स्वतः तपासावीत. यादीत नसलेलं मूल सापडलं तर ती गल्ली पुन्हा करायची. हा अर्धा दिवस वाचवावासा वाटतो, पण वाचवू नये. एका ढोबळ पडताळणीचाही उपयोग होतो: अशा वस्तीत पाच वर्षांखालची मुलं लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास असायला हवीत. यादीत चार-पाच टक्केच आली, तर मुलं कमी नाहीत, यादी कमी आहे.

सत्राच्या टेबलावर

गोवर-रुबेला लस कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि ती विशिष्ट द्रावकात मिसळावी लागते. नेहमीच्या कुपीत १० डोस. द्रावक त्याच कंपनीचं, लसीसोबत आलेलंच हवं. दुसऱ्या लसीचं किंवा साधं पाणी चालत नाही. द्रावक आदल्या दिवशीच २ ते ८ अंशांत ठेवायचं, कारण गार कुपीत कोमट द्रावक घातलं की जिवंत विषाणू मरतो आणि आपण बिनकामाची लस टोचत बसतो. कुपीला उष्णता लागली का हे दाखवणाऱ्या खुणेतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट आहे ना, हे उघडण्याआधी पाहायचं; चौकोन वर्तुळाइतका किंवा अधिक गडद झाला असेल तर कुपी बाद. मिसळलेली कुपी चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यायची. या लसीत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं संरक्षक द्रव्य नसतं. मिसळलेल्या कुपीत जंतू शिरले तर काही तासांत इतके वाढतात की त्या विषाने मूल दगावू शकतं. म्हणून मिसळल्याची वेळ पेनाने कुपीवर लिहायची. लक्षात ठेवू, असं म्हणायचं नाही.

डोस ०.५ मिली, उजव्या दंडावर, कातडीखाली, एकदा वापरून आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजने. सुई लगेच हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापणाऱ्या यंत्रात. मूल अर्धा तास तिथेच बसवायचं, आणि तीव्र ॲलर्जीवरचं औषध ॲड्रिनॅलिन असलेला संच टेबलावर, कपाटात नव्हे.

दहा डोसांच्या कुपीमुळे एक नुकसान हमखास होतं आणि ते कुठल्याही अहवालात दिसत नाही. सत्राच्या शेवटी एकच आई मूल घेऊन येते. कुपी उघडली तर नऊ डोस वाया जातील म्हणून तिला ‘पुढच्या सत्राला या’ सांगितलं जातं. धोरण स्पष्ट आहे: एका मुलासाठीही कुपी उघडायची. पण वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जातो आणि परत पाठवलेल्या मुलाचा विचारला जात नाही, तोवर सेविका कुपी वाचवणार. दोष तिचा नाही. वरिष्ठांनी लेखी सांगायला हवं की साथीच्या काळात वाया गेलेला डोस माफ आहे, परत पाठवलेलं मूल नाही.

दुसरं नुकसान नको त्या कारणाने डोस पुढे ढकलल्याने होतं. किंचित ताप, सर्दी, जुलाब, कमी वजन ही लस न देण्याची कारणं नाहीत. कुपोषित मुलाला तर आधी द्यायची, कारण गोवराने मरण्याचा धोका त्यालाच जास्त. रुग्णालयात भरती करण्याइतकं आजारी मूल तेवढं थांबवायचं.

वेळही महत्त्वाची. दहा ते दोन हे सत्र घरकाम, कारखाना, भंगार वेचणं यांवर जगणाऱ्या घरांना जमत नाही. तिथे संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी सत्र लावावं लागतं. मूल येत नाही याला नकार म्हणून नोंदवण्याआधी त्या घराच्या कामाच्या वेळा विचारा.

जादा डोस आणि त्यातून होणारा घोळ

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राने महाराष्ट्राला कळवलं की जोखमीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर आहे, तिथे सहा महिने पूर्ण ते नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही एक डोस द्यावा. पुढे राज्यात डिसेंबर आणि जानेवारीत विशेष मोहिमेच्या दोन फेऱ्या झाल्या.

निर्णय योग्य होता. पण कार्डावर त्याची नोंद कशी करायची, यावर सगळं अडतं. सहाव्या-सातव्या महिन्यातला डोस हा ‘शून्य’ डोस आहे. या वयात लस कमी लागू पडते, म्हणून तो मोजायचा नसतो. नवव्या महिन्यातला आणि सोळाव्या महिन्यातला डोस ठरल्याप्रमाणे द्यायचेच. सेविकेने तो पहिल्या डोसाच्या रकान्यात लिहिला की पुढची सेविका कार्ड पाहून म्हणते, झालाय. आईही तेच म्हणते. ज्या बाळाला सगळ्यात आधी लस मिळाली, तेच अर्धवट राहतं. नऊ महिन्यांवरच्या मुलांचा जादा डोसही असाच वेगळा धरायचा. कोणत्याही दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणून शून्य डोस देताना कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘जादा’ लिहायचं आणि पुढच्या डोसाची तारीख त्याच क्षणी टाकायची.

नकार

‘लोक अज्ञानी आहेत’ हे निदान आळशी आहे. नकाराची कारणं विचारली तर ती नेमकी निघतात.

एक कारण लसीतूनच येतं. गोवर-रुबेला लसीनंतर काही मुलांना ताप येतो, पण त्या रात्री नाही. साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, आणि थोड्यांच्या अंगावर फिकट पुरळही उठतं. आईला कोणी हे सांगितलेलं नसतं. आठवड्याने पुरळ आलं की ती शेजारणीला सांगते, लसीनेच गोवर झाला. एका गल्लीत असं एक मूल झालं की दहा दारं बंद होतात. टोचतानाच सांगायचं: आठ-दहा दिवसांनी ताप येऊ शकतो, एक-दोन दिवस राहतो, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या (किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम), आणि काही वाटलं तर या नंबरवर फोन करा. नंबर खराच उचलला गेला पाहिजे.

दुसरं कारण रोजीचं. मूल तापलं की आईचा दिवस बुडतो. तिसरं, सरकारी दवाखान्यात मिळालेली वागणूक. करोना लसीबद्दलच्या अफवाही होत्या. पालिकेने मौलाना आणि स्थानिक मंडळींना सोबत घेतलं, मशिदींतून आवाहनं झाली. त्याचा उपयोग होतो, पण घोषणेनंतर त्याच दिवशी, त्याच गल्लीत लस देणारी बसलेली हवी. चार दिवसांनी पथक आलं तर घोषणा वाया जाते. सगळ्यात परिणामकारक माणूस बहुधा त्याच गल्लीतली, आपल्या मुलाला लस दिलेली दुसरी आई असते.

आजारी मूल

गोवराने मूल मरतं ते बहुधा न्यूमोनियाने, जुलाबाने, क्वचित मेंदूच्या सुजेने. विषाणूवर औषध नाही. मृत्यू रोखण्यासाठी करण्यासारखं मात्र बरंच आहे आणि ते स्वस्त आहे.

पहिलं ‘अ’ जीवनसत्त्व. सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने १ लाख, वर्षावरच्या मुलाला २ लाख. निदान झालं त्या दिवशी एक मात्रा आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच. सरकारी बाटलीत १ मिलीत १ लाख युनिट असतात, सोबतच्या २ मिली चमच्यावर अर्ध्यावर खूण असते. म्हणजे वर्षावरच्या मुलाला पूर्ण चमचा, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला खुणेपर्यंत, त्याहून लहानाला त्याच्या निम्मं. मागच्या महिन्यात नेहमीचा डोस झाला होता, या कारणाने हे टाळायचं नाही. डोळ्यात डाग, कोरडेपणा दिसला तर काही आठवड्यांनी तिसरी मात्रा. दुसऱ्या दिवसाची मात्रा हमखास राहते, कारण पथक परत येत नाही. आई पुन्हा येईल यावर विसंबू नये. दुसऱ्या दिवशी सेविकेनेच जायचं.

दुसरं, श्वास मोजणं. मूल शांत असताना, रडत नसताना, छातीवरचा कपडा वर करून, घड्याळात पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते वर्षाच्या आत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगवान. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केल्याने चूक होते, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. छाती आत ओढली जाणं, पाणी न पिणं, फिट, सुस्ती, तोंडात खोल फोड, डोळ्याचं बुबुळ धुरकट होणं, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. त्या साथीत सातरस्त्याच्या कस्तुरबा रुग्णालयासोबत गोवंडीचं शताब्दी आणि राजावाडी या रुग्णालयांतही सोय केली होती. अशी सोय जवळ असणं फार मोलाचं ठरतं. गोवंडीहून सातरस्त्याला जायचं म्हटलं की कुटुंब एक रात्र थांबून पाहतं, आणि न्यूमोनियाला ती रात्र पुरते.

दवाखान्यात ताप-पुरळाच्या मुलाला रांगेत बसवायचं नाही. दारातच एकीने विचारायचं आणि उघड्या, हवेशीर जागी वेगळं पाहायचं. गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांकडे मूल आधी जातं, हे गृहीत धरून त्यांना नोंदीचा एक पानी फॉर्म आणि एक फोन नंबर द्यायला हवा. ते कळवत नसतील तर बहुतेक वेळा कळवायचं कुठे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

घरात काही समजुती आहेत: गोवर अंगावर पूर्ण ‘निघू’ द्यावा, औषध देऊ नये, आंघोळ नको, खाणं हलकं करावं. यातलं खाणं तोडणं घातक आहे. गोवरात मुलाचं वजन झपाट्याने उतरतं. अंगावरचं दूध चालू, थोडं-थोडं पण वारंवार खाणं, जुलाब असतील तर ओआरएस आणि १४ दिवस झिंक. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला तर ठेवू द्या, त्यावर वाद घालून दार बंद करून घेऊ नका. पुरळ गेल्यावरही काही आठवडे त्या मुलाकडे लक्ष हवं. गोवर शरीराची जुनी प्रतिकारशक्तीही पुसतो आणि नंतरचा न्यूमोनिया, जुलाब तेव्हाच गाठतात.

आकडे वाचताना

घरोघर शोध सुरू झाला की संशयितांचा आकडा उसळतो. तो साथ वाढल्याचा पुरावा असेलच असं नाही. आधी न दिसणारी मुलं दिसू लागलेली असतात. पुरळाच्या तारखेप्रमाणे आलेख काढला तर खरं चित्र दिसतं, नोंदीच्या तारखेप्रमाणे काढला तर फक्त पथकांची धावपळ दिसते. लसीकरणाचा परिणाम त्या आलेखात दोन ते तीन आठवड्यांनी उतरायला लागतो. त्याआधी ‘काही उपयोग नाही’ म्हणून मोहीम ढिली करणं ही नेहमीची चूक आहे.

रक्ताचा नमुना प्रत्येकाचा लागत नाही. सुरुवातीच्या काही मुलांत प्रयोगशाळेने गोवर पक्का केला की त्यांच्या संपर्कातल्या ताप-पुरळाच्या मुलांना गोवरच धरून उपचार करायचे. नमुना पुरळाच्या २८ दिवसांत घेता येतो. पहिल्या तीन दिवसांत घेतला तर खरा गोवर असूनही तपासणी कधी कधी नकारात्मक येते. मोहिमेनंतर आणखी एक गोंधळ होतो: नुकतीच लस घेतलेल्या मुलाची तपासणीही सकारात्मक येते. म्हणून नमुन्याच्या फॉर्मवर लसीची तारीख नसेल, तर तो निकाल वाचता येत नाही.

शेवटच्या रुग्णाच्या पुरळापासून ४२ दिवस, म्हणजे सुप्तकाळाच्या (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या) कमाल मुदतीच्या दुप्पट, एकही नवा रुग्ण नाही तर त्या वस्तीतली साथ संपली म्हणायची. एक मूल सापडलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. आणि या ४२ दिवसांत यादी कपाटात जाऊ द्यायची नाही. दर महिन्याला तिच्यात नव्याने नऊ महिन्यांची झालेली बाळं, सोळा महिन्यांची झालेली मुलं आणि वस्तीत नव्याने आलेली कुटुंबं जोडायची, आणि शून्य डोस घेतलेल्या प्रत्येक बाळासमोर पहिल्या डोसाची तारीख पडली की नाही ते नावानिशी पाहायचं.